दुकान जाईल, देव राहील

पिपरटोल्यात कुणाची सोयरीक अडली, दोन भावांत बांधावरून तंटा पेटला किंवा एखादी सून रुसून माहेरी जाऊन बसली, की लोक म्हणायचे, "अल्काले बलावा." अल्का गजभिये काही पुढारी नव्हती. सातवीपर्यंत शिकलेली, बचत गटाची अध्यक्ष, गवंडीकाम करणाऱ्या शालिकरामची बायको. पण तिला बोलता येत होतं. समोरचं माणूस आत्ता किती ऐकून घेईल याचा अंदाज तिला आधी यायचा. तेवढंच ती बोलायची, उरलेलं दुसऱ्या खेपेला ठेवायची. शालिकराम चारचौघांत सांगायचा, "आमची बाई भिताडासंग बोलली तं भिताडही थोडं सरकते."

गाव सालेकशाच्या पुढे, जंगलाच्या तोंडाशी. नाल्याच्या अलीकडे पोवारांची घरं, त्यांची धानाची बांधी-शेतं, आणि विहाराभोवतीचा बौद्ध मोहल्ला. नाल्याच्या पलीकडे चढावर गोंडांची वस्ती. तिला सगळे वरचा टोला म्हणत. अल्काचा बाप फॉरेस्टच्या रोपवाटिकेत मजूर होता. ती लहानपणी गोंडांच्या पोरींतच वाढलेली, त्यामुळे गोंडी तिच्या कानात बसली होती. लग्न होऊन पिपरटोल्यात आली तेव्हा नाल्यावर पहिल्याच आठवड्यात सुकवारो सलामेशी गोंडीत बोलली, आणि सुकवारो हातातलं लुगडं तसंच पाण्यात सोडून तिच्याकडे बघत राहिली. तेव्हापासून मोहफुलं वेचायला दोघी बरोबर जायच्या, तेंदूपत्ता तोडायलाही. सुकवारोच्या पोराच्या वेळी दाई यायला उशीर झाला तर नाळ अल्कानं कापली होती.

देशी दारूचं दुकान फाट्यावर होतं, बस थांबायची त्याच्या अगदी समोर. परवान्याचं, सरकारी पाटीचं. दुकान आधीपासून होतंच, पण दोन-तीन वर्षांत त्याच्या पुढ्यात अंड्याच्या गाड्या लागल्या, बाकडी आली, आणि सकाळी नवापासून माणसं तिथं बसू लागली. अल्काची मुलगी खुशबू आमगावच्या कॉलेजात जायची. एक दिवस ती घरी आली आणि म्हणाली, मी उद्यापासून जात नाही. दोन दिवस तिनं कारण सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी कळलं. बसच्या पायरीवर असताना दुकानापुढच्या एका पिलेल्यानं मागून तिची ओढणी धरली आणि बस हलेपर्यंत सोडली नाही. बसमधले लोक हसले. ते हसले हे सांगताना मात्र खुशबू रडली.

अल्का त्याच संध्याकाळी बिसेन गुरुजींकडे गेली.

श्यामलाल बिसेन गुरुजी गावच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. अल्काला त्यांनी शाळेत शिकवलं नव्हतं, तिच्या माहेरचं गाव वेगळं. पण लग्नानंतर साक्षरता अभियानाच्या सभेत तिच्या हाती माईक पहिल्यांदा त्यांनीच दिला होता. पोवार असून ते बौद्ध मोहल्ल्यात पंगतीला बसायचे, आणि तेही लोकांना दिसावं म्हणून नव्हे, तर जेवायची वेळ झाली म्हणून. चहा घेत नसत. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात वरातीत दारू आहे असं कळलं तेव्हा मांडवाच्या दारातून परत फिरले, भावाशी चार वर्षं बोलले नाहीत. गावात त्यांच्या हट्टाला लोक हसायचे. पण पैशाचा व्यवहार असला, साक्ष द्यायची असली, तर त्यांनाच बोलवायचे. अल्काच्या मनात या माणसाची जागा बापाची होती.

गुरुजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रडून दुकान बंद होत नसतं, अल्का. मतदान लावू. बायकांचं मतदान. आडवी बाटली."

असं मतदान असतं हे अल्काला ठाऊक होतं, पण त्याची वाट किती लांब आहे ते ठाऊक नव्हतं. आधी गावातल्या पाव हिस्सा बायकांच्या सह्या. मग साहेब येऊन त्या सह्या खऱ्या का खोट्या ते एकेकीला उभं करून विचारणार. मग मतदान. कागदावर दोन चित्रं असतात, उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आणि खरी मेख पुढे होती. आलेल्या मतांपैकी निम्मी पुरत नाहीत. मतदार यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. जी बाई घरी बसली, तिचं मत आपोआप दुकानाला.

सह्या झाल्या. बचत गटाच्या बायका कंबर कसून निघाल्या. गुरुजींनी पत्रकं छापून आणली. वर मोठ्या अक्षरात, 'दारूमुक्त पिपरटोला. एक थेंबही नको.' अल्कानं हिशेब केला तेव्हा तिच्या लक्षात आलं की नाल्याच्या अलीकडच्या सगळ्या बायका आल्या तरी काटा निम्म्यावर पोचत नाही. वरचा टोला आला तरच जमतं. आणि वरच्या टोल्यातून सह्यांना एकही बाई आली नव्हती.

ती पत्रकं घेऊन सुकवारोकडे गेली. सुकवारो सूप पाखडत होती. तिला वाचता येत नव्हतं, तिच्या मुलानं वाचून दाखवलं. "एक थेंबही नको" म्हणताना तो अडखळला.

सुकवारो म्हणाली, "मंजे आमचंबी?"

अल्कानं पोराच्या हातातून पत्रक परत घेतलं.

"पोरगं जल्मलं तं देवाले थेंब लागते. माणूस मेला तं लागते. पेनदेवाच्या म्होरं रिकाम्या हातानं कोन जाते? फाट्यावरच्या बाटलीनं माह्या घरची बी दोन माणसं खाल्ली, मले ते दुकान नोको. पर तुहा कागद तं आमच्या देवाच्या तोंडचं काढून राहिला."

अल्का स्वतः बौद्ध. बावीस प्रतिज्ञांपैकी एक दारू न पिण्याची, ती तिनं मनापासून पाळलेली. सुकवारोच्या घरी तिच्यापुढे कधी कुणी दारूचा गडवा धरला नाही, आणि धरला नाही याचं सुकवारोनं कधी वाईट वाटून घेतलं नाही. दोघींत ते असं सरळ होतं. त्यामुळे त्या दिवशी अल्काला उत्तर देता आलं नाही, ते दारूची बाजू घ्यायची नव्हती म्हणून नव्हे. सुकवारोचं म्हणणं तिला खरं वाटलं, म्हणून.

ती गुरुजींच्या ओसरीवर आली. म्हणाली, "गुरुजी, हे 'एक थेंब' वरच्या टोल्यात चालत नाई. तेथी सांगा लागते का आमचं भांडन दुकानासंग आहे. तुमच्या देवासंग नाई."

गुरुजी बराच वेळ गप्प होते. तत्त्वाच्या गोष्टीत ते कधी गप्प बसत नसत, हे तिला नंतर आठवलं. मग ते म्हणाले, "तू तुझ्या भाषेत सांग. तुला त्या लोकांचं मन कळतं, मला कळत नाही. शिक्का आडव्या बाटलीवर पडला पाहिजे, एवढं बघ."

"मंजे मी शब्द देऊ?"

"तुला जे पटतं ते सांग, अल्का."

तिनं त्याला होकार समजला. कुणीही समजलं असतं.

छापील पत्रकं तिनं नाल्याच्या अलीकडेच ठेवली. वरच्या टोल्यासाठी तिनं आपलं एक वाक्य तयार केलं. ते तयार करायला तिला दोन दिवस लागले, कारण ते तिला गोंडीतही बसवायचं होतं आणि मराठीतही. 'दुकान जाईल, देव राहील.' एवढंच. टोल्यातल्या म्हाताऱ्या ते ऐकून मान हलवायच्या. पोरी हसत हसत ते म्हणायच्या. पंधरा दिवसांत असं झालं की अल्का चढावर दिसली की कोणीतरी आधीच ओरडायचं, "दुकान जाईल," आणि दुसऱ्या घरातून उत्तर यायचं.

तरी सुकवारो पक्की होती. ती म्हणाली, "तुहा इश्वास आहे मले. तुह्या गुरुजीले एकदा आन. त्याच्या तोंडून आयकू दे."

मतदानाच्या आधीच्या रविवारी अल्का गुरुजींना घेऊन गेली. टोल्यातल्या मोठ्या मोहाखाली खाट टाकली होती. बायका खाली बसल्या, पुरुष मागे उभे. सुकवारोचा नवरा मंगरू, त्याचा भाऊ जागेश्वर, सगळे. अल्का बोलली, गोंडीत आणि मराठीत. दुकान बंद झाल्यावर वरच्या टोल्यात कोणी पोलीस येणार नाही, पेनाच्या पूजेला कोणी हात लावणार नाही, लग्नामरणाला लागते तेवढं तुमचं तुमच्या घरात. एकेक गोष्ट तिनं सुटी करून सांगितली. गुरुजी खाटेवर ताठ बसून ऐकत होते. गोंडी त्यांना कळत नसली तरी मराठी कळत होती.

बोलणं संपल्यावर सुकवारो उठली. "गुरुजी, हे बोलते ते खरं का?"

गुरुजी खाटेवरून उठले. सगळ्यांना एक मोठा नमस्कार केला, उजवीकडे, डावीकडे, मागच्या पुरुषांनाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बायकांनी उलट नमस्कार करत "जय सेवा" म्हटलं. म्हाताऱ्या फुलवंताबाईनं त्यांच्या कपाळाला हळद लावली. अल्काला त्या क्षणी वाटलं, आपण आयुष्यात इतकं चांगलं काम केलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी वरच्या टोल्याच्या बायका एका ओळीत नाला उतरून आल्या. सुकवारो पुढे. दुकानवाल्यानं आदल्या रात्री टोल्यात साड्या पाठवल्या होत्या, त्या बायकांनी तशाच त्याच्या बाकड्यावर आणून ठेवल्या. संध्याकाळी मोजणी झाली. आडव्या बाटलीची मतं निम्म्याच्या वर गेली ती जेमतेम, आणि जी वर गेली ती टोल्याच्या मतांनी. महिन्याभरात दुकानाचं शटर खाली आलं आणि त्याला लाखेचं सील लागलं. खुशबू पुन्हा बसनं जाऊ लागली. तिच्या मागे टोल्यातली सुकवारोची भाचीही जाऊ लागली. हे सगळं खरंच घडलं, ते कोणी नाकारू शकत नाही.

गुरुजींचं नाव झालं. पेपरात फोटो आला. पंचायत समितीच्या निवडणुकीची कुजबुज सुरू झाली होती. दोन पक्षांची माणसं गुरुजींकडे येऊन गेली. गुरुजी म्हणाले, पक्ष नको, अपक्ष उभा राहीन, दारूमुक्तीवर. अल्काला ते रास्तच वाटलं. असा माणूस निवडून आला तर वाईट काय?

एप्रिलात मोह पडला. पहाटे झाडाखाली पालापाचोळा जाळून जागा साफ करायची, फुलं वेचायची, अंगणात वाळवायची, काही व्यापाऱ्याला विकायची, काही ठेवायची. सुकवारोच्या मुलाचं लग्न वैशाखात होतं. तेव्हा देवाला लागणाऱ्या दारूसाठी तिनं मडक्यांत मोह भिजत घातला होता.

त्याच आठवड्यात गुरुजींनी अल्काला निरोप पाठवला. गोंदियाला एका संस्थेनं आडवी बाटली जिंकणाऱ्या बायकांचा सत्कार ठेवलाय, पिपरटोल्यातर्फे तू जा. अल्का म्हणाली, "तुमी चला ना, गुरुजी." ते म्हणाले, "मान तुझा आहे. मला इथे काम आहे."

गोंदियात हॉल मोठा होता. सूत्रसंचालन हिंदीत चाललं होतं. अल्काच्या गळ्यात हार घातला, हातात नारळ आणि शाल दिली. तिला दोन शब्द बोलायला सांगितलं तर तिनं सुकवारोची गोष्ट सांगितली. साड्या परत केल्याची सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती दुपारच्या गाडीनं सालेकशाला उतरली, तिथून बसनं फाट्यावर. शाल अजून खांद्यावरच होती. फाट्यावर कोणी तिच्याशी बोललं नाही. बचत गटातली रुक्माबाई समोरून आली आणि मान फिरवून गल्लीत वळली. अल्काला काही कळेना.

शालिकराम घराच्या दारात उभा होता. म्हणाला, "वरच्या टोल्यात धाड पडली. सकाळी. सुकवारोले नेलं."

ती शाल काढून खाटेवर टाकून तशीच नाला उतरून वर गेली. टोल्यात शिरण्याआधीच आंबूस वास आला. घरोघरची मडकी फोडून भिजवलेल्या मोहाचा सडवा नालीत ओतला होता. कोंबड्या तो खाऊन लटपटत फिरत होत्या, एक लहान पोर त्यांना बघून हसत होतं आणि त्याची आजी त्याला गप्प करत होती. सुकवारोसकट तीन बायकांना ठाण्यात नेलं होतं. पेनाच्या ओट्यासमोर ठेवलेलं छोटं मडकंही फुटलेलं होतं.

मंगरू अंगणात बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"कोन आलते?" अल्कानं विचारलं.

"पोलीस आले. म्होरं तुमच्या बाया होत्या. तुह्या बचत गटाच्या. त्याच घरं दाखवून राहिल्या होत्या, हे घर, ते घर."

"आनं गुरुजी?"

"मोहाखाली उभा होता." मंगरूनं बोट दाखवलं. "जेथी तू खाट टाकली होतीस, तेथी."

म्हातारी फुलवंताबाई बाहेर आली. तिनं अल्काकडे पाहिलं आणि गोंडीत एवढंच म्हणाली की तुला आज कुठे पाठवलं होतं ते आम्हाला माहीत आहे, तुला माहीत होतं का? अल्का म्हणाली, नाही. म्हातारी बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. विश्वास ठेवावा की नाही, हे ती ठरवत होती, आणि तिनं काही ठरवलं असं अल्काला दिसलं नाही.

अंधार पडायच्या आत अल्का गुरुजींच्या ओसरीवर होती. तिथं बचत गटाच्या चार बायका बसल्या होत्या, चहाचे कप समोर. त्या उठून उभ्या राहिल्या. गुरुजी म्हणाले, "बसा. अल्का, ये. सत्कार कसा झाला?"

"तुमी मले काऊन पाठवलं?"

"बस आधी."

"मी बसत नाई. तुमी मले काऊन पाठवलं, ते सांगा."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "तू इथे असतीस तर तुला त्रास झाला असता. तुझे तिथे संबंध आहेत. मला तुला त्या पेचात टाकायचं नव्हतं."

"तुमी त्यायले शब्द देल्ला होता."

"मी?" गुरुजी खरोखरच चकित झाले. "मी कधी शब्द दिला? आठव. मी एक अक्षर बोललो नाही. मी नमस्कार केला. शब्द तू दिलास."

अल्कानं वळून बायकांकडे पाहिलं, तर त्या आपापल्या कपांकडे बघत होत्या.

गुरुजी मऊ आवाजात म्हणाले, "तुला वाटतं मी ढोंग केलं. नाही. माझी भूमिका पहिल्या दिवशी जी होती तीच आज आहे. पत्रकावर छापलेली आहे. एक थेंबही नको. मी ती एका अक्षरानं बदलली नाही. लोकांपर्यंत पोचायला वाट वेगळी लागते, ती तू काढलीस, फार चांगली काढलीस. त्याशिवाय दुकान बंद झालं नसतं. पण वाट म्हणजे मुक्काम नव्हे. आणि तू, अल्का? तू बाबासाहेबांची लेक. बावीस प्रतिज्ञा घेतलेली. तू दारूची बाजू घेतेस?"

हे ऐकून कोपऱ्यातल्या बायकांनी माना हलवल्या. अल्काच्याच मोहल्ल्यातल्या दोघी होत्या त्यांत.

"मी पीत नाई," अल्का म्हणाली. "आनं कोनाले पी बी म्हनत नाई. पर मी त्यायले सांगतलं का तुमच्या देवाले हात लावनार नाई. तुमी बाजूले बसून आयकलं. तुमाले नाई म्हनायचं होतं तं तेथीच म्हनायचं होतं. त्यायनं मत देल्लं नसतं, दुकान राहिलं असतं. पर तुमचं तत्त्व तं राहिलं असतं ना."

गुरुजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बायकांना म्हणाले, "उशीर होतोय, तुम्ही निघा."

दुसऱ्या दिवशी अल्का आणि शालिकराम कोर्टात गेले. शालिकरामनं जामिनासाठी आपल्या घराची कागदपत्रं पुढे केली. सुकवारो बाहेर आली तेव्हा तिनं शालिकरामला हात जोडले. अल्काशी ती बोलली नाही. बसमध्ये तिघं एका सीटवर बसून आले, खिडकीशी सुकवारो, मध्ये शालिकराम.

ग्रामसभेत अल्का उठली. तिनं मागणी एकच केली. गुरुजींनी सगळ्यांसमोर सांगावं की टोल्याला काय सांगून मत घेतलं होतं. गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले की अल्काबाईंचं काम मोठं आहे, त्यांचा उत्साह मोठा आहे, उत्साहाच्या भरात त्यांच्या तोंडून काही आश्वासनं गेली असतील, त्याबद्दल आपण त्यांना दोष देऊ नये. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी तिला खोटी म्हटलं असतं तर ती भांडली असती. इथे तर तिला माफ केलं होतं. न केलेल्या चुकीची माफी अशी सगळ्या गावासमोर पदरात पडली की माणसानं तिचं काय करावं? ती खाली बसली. पुढच्या महिन्यात बचत गटानं नवी अध्यक्ष निवडली.

सुकवारोच्या मुलाचं लग्न ठरल्या तारखेला झालं. अल्काला अक्षता आल्या, त्या जागेश्वरनं आणून दिल्या. ती गेली आणि मांडवाच्या कडेला बसली. तिथे तिला कळलं की फाट्यावरचं दुकान मधल्या काळात कोसभर पुढे, दुसऱ्या गावच्या हद्दीत उघडलं होतं. तोच मालक, तीच बाकडी. घरची मडकी फुटली होती आणि नवा मोह भिजवायची टोल्यात कोणाची हिंमत नव्हती. म्हणून देवापुढे ठेवायला मंगरू त्या दुकानातून सीलबंद बाटली घेऊन आला होता. पुजाऱ्यानं झाकण फिरवून ती उघडली. सुकवारो दुसरीकडे बघत होती. तिनं ज्या बाटलीला आडवी पाडण्यासाठी साड्या परत केल्या होत्या, तीच तिच्या देवापुढे उभी होती. कुणी त्यावर एक शब्द काढला नाही. अल्काला जेवण गेलं नाही, तरी पानावर वाढलेलं तिनं सगळं संपवलं.

हिवाळ्यात निवडणूक लागली. गुरुजींनी स्वतः न येता माणूस पाठवला, हिमांशू नावाचा. तो आमगावला किराणा दुकान चालवायचा आणि आता गुरुजींचा प्रचार सांभाळत होता. बोलायला गोड होता. म्हणाला, "ताई, टोल्याची नाराजी आहे. तुम्हीच काढू शकता. तुमच्या शब्दात ताकद आहे, गुरुजी स्वतः म्हणतात. मेसेज फक्त एवढा द्यायचा की झालं गेलं विसरू, पुढे धाडी होणार नाहीत."

"गुरुजी असं म्हनाले का?"

"गुरुजी कसे म्हणतील? त्यांची भूमिका तुम्हाला माहीत आहे. पण आपण म्हणायचं."

त्या पोरात वाईट काही नव्हतं. तो जे सांगत होता ते तिनं स्वतःच एक वर्षापूर्वी केलं होतं, फक्त तेव्हा तिला वाटलं होतं की आपण जोडतोय.

"मी येत नाई," ती म्हणाली.

मतदानाच्या आधी सुकवारो धाडीनंतर पहिल्यांदा तिच्या दारात आली. आत आली नाही, पायरीवर बसली. अल्कानं पाणी दिलं, ते प्याली.

"कोनाले मत देऊ?" सुकवारोनं विचारलं.

"मले विचारू नोको. माह्या सांगन्यावर तू एकदा मत देल्लं."

"म्हनूनच विचारून राहिलो. आता तूही कोनाची नाई."

अल्काला रडू आलं, पण तिनं ते येऊ दिलं नाही. म्हणाली, "खरंच सांगतो बाई, मले ठाऊक नाई."

सुकवारोनं पाण्याचा लोटा पायरीवर ठेवला. मग गोंडीत म्हणाली की तू खोटी नव्हतीस हे मला ठाण्यातच कळलं होतं, पण माझ्या घरी ते कोणाला सांगता येत नाही, कारण मडकी तर फुटलीच. आणि उठून गेली.

गुरुजी निवडून आले. टोल्याची बरीच मतं त्यांच्या विरोधात गेली, तरी आले. आजही ते चहा घेत नाहीत, आणि पंचायत समितीत त्यांच्याइतका स्वच्छ माणूस नाही असं त्यांचे विरोधकही सांगतात. त्यात खोटं काहीच नाही. टोल्यातल्या तिघींच्या कोर्टाच्या तारखा चालू आहेत. शालिकराम काम सोडून त्यांच्याबरोबर जातो.

गेल्या उन्हाळ्यात देवरीकडच्या एका गावातून बायका आल्या. त्यांना आडवी बाटली लावायची होती. त्यांच्याही गावात नाल्यापलीकडे टोला होता, त्यांचंही गणित निम्म्यावर अडत होतं. त्यांनी अल्काचं नाव ऐकलं होतं, तिचं ते वाक्य ऐकलं होतं. म्हणाल्या, ताई, आमच्याकडे या, तेच सांगा.

अल्कानं त्यांना जेवू घातलं. मग विचारलं, "तुमच्या समितीत मोठं कोन आहे?"

"एक महाराज आहेत. लई कडक. त्यांना दारूचा वासही चालत नाही."

"त्यायले टोल्यात न्या. लोकायसमोर त्यायच्या तोंडून वदवून घ्या, काय बंद होईल आनं काय राहील. हात जोडू देऊ नोका, बोलू द्या. मग मी येईन. ते नाई बोलले तं टोल्याले खरं सांगा, का आमी तुमचं बी बंद करनार. मग त्यायले ठरवू द्या."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांतली एक म्हणाली, "असं सांगितलं तर टोला येणार नाही, ताई."

"नाई येनार," अल्का म्हणाली.

विचारून फोन करतो म्हणून त्या गेल्या. फोन आला नाही. पावसाळा संपता संपता शालिकराम त्या भागात कामाला गेला होता, तो बातमी घेऊन आला. तिथली आडवी बाटली हरली, दुकान राहिलं. टोल्याच्या बायका आल्याच नाहीत.

अल्का चुलीपुढे भात उतरवत होती. तिनं भगुणं खाली ठेवलं.

"तुले बरं वाटलं का वाईट?" शालिकरामनं विचारलं.

"तेथीबी दुकानासमोर कोनाची पोरगी बसमंदी चढत असल ना," ती म्हणाली, आणि ताट घ्यायला वळली. शालिकरामनं हात धुतले आणि पाट ओढून तो जेवायला बसला.